मागच्या खोलीची ओल

१३ एप्रिल १९५८, रविवार

संताजी मेस्त्रीनं आज किल्ल्या पुढं केल्या. मी घेतल्या नाहीत. म्हटलं, आधी तपासतो, मग घेतो. तो हसला. त्याला थट्टा वाटली.

जयनगरचं घर बांधून झालं. पुढची खोली, हॉल, स्वयंपाकघर, मागची खोली, न्हाणीघर, वर गच्ची. लाल जमीन. चुन्याचा वास अजून आहे. भोवताली मोकळे प्लॉट, दगडांचे ढीग, शेळ्या. भीमाचार्यांनी गृहप्रवेशाला २८ मे काढून दिला आहे. तेवढ्यात तपासून व्हायला हवं.

कारखान्यात मी दिवसभर दुसऱ्यांनी घडवलेले भाग मापाला लावतो. बसला तर या पेटीत, नाही बसला तर त्या पेटीत. घर पेटीत टाकता येत नाही. म्हणून इथं लिहून ठेवणार.

वसुमती आली होती. स्वयंपाकघरात खिडकीशी बराच वेळ उभी राहिली. गच्चीवर चल म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही बघून या. मी खालीच थांबते." जिन्याला अजून कठडा नाही, म्हणून असेल. पण दिवाळीत नुसती शिडी होती तेव्हा माझ्याआधी वर गेली होती.

१६ एप्रिल

चिकपेटमधून एक काचेची गोटी आणली. हॉलच्या मध्यावर ठेवली. दाराकडे उतरायला हवी होती. ती मागच्या खोलीकडे गेली आणि भिंतीला टेकून थांबली. पुन्हा ठेवली. पुन्हा तिकडंच.

संताजी बघत होता. "सामी, या घरात गोट्या खेळणार काय तुम्ही?"

"जमीन धुतल्यावर पाणी कुठं जातं ते बघतोय."

"पाणी न्हाणीघरात ओता की. हॉलमध्ये कशाला ओतता?"

गोटी परत मध्यावर ठेवली. "सरी, सरी," म्हणाला, "स्वल्प घासून उतार देतो." त्याच्या बापजाद्यांची भाषा आमचीच, पण इतकी वर्षं इथं राहून निम्मी कन्नड झाली आहे. माझीही झाली असेल. आपली आपल्याला ऐकू येत नाही.

२० एप्रिल, रविवार

आज गिलावा. लाकडी मुठीनं हलकं ठोकत गेलो. भरीव असेल तिथं आवाज बसका येतो. पोकळ असेल तिथं किंचित वर चढतो. पोकळ जागेभोवती खडूनं वर्तुळ काढलं. दुपारपर्यंत हॉलची एक भिंत वर्तुळांनी भरली.

वसुमती आणि अंबू आत्या डबा घेऊन आल्या. वसुमती दारातच थांबली. म्हणाली, "घराला देवी आल्यासारख्या दिसतात." मग लगेच, "असं बोलायला नको होतं मी."

आत्या म्हणाली, "नरसू, तुझे वडील होते तेव्हा घर बांधलं की लोक जेवायला बोलवायचे. तू खडू घेऊन काय करतोस?"

दहीभात होता. मी उभ्यानं खाल्ला.

२३ एप्रिल

कारखान्यात जाण्याआधी जयनगरला उतरलो. उगाच. काही नवीन दिसलं नाही. पुढच्या बसला उशीर झाला.

संध्याकाळी जेवताना आत्या म्हणाली, "शिवरात्रीपासून हिनं मला चुलीपाशी एक दिवस उभं राहू दिलेलं नाही." म्हटलं, बरंच की, तुझे गुडघे दुखतात. आत्या हसली. वसुमतीही हसली, पण ताटाकडे बघून. बायका कशाला हसतात ते विचारू नये.

२७ एप्रिल, रविवार

भिंतीत ओल आहे की नाही हे हातानं कळत नाही. नवी भिंत थंडच लागते. खडेमीठ घेऊन गेलो आणि प्रत्येक खोलीत, कोपऱ्यांत, बशीत ठेवलं. हवा कोरडी असेल तर मीठ तसंच राहतं. ओल असेल तर पाणी सुटतं.

हे मला आम्ही राहतो त्या वठारात कळलं. एका अंगणाभोवती आम्ही सात बिऱ्हाडं. आमच्या आतल्या खोलीची भिंत आणि कापडवाल्याच्या गोदामाची भिंत एकच. पावसाळ्यात तिथं ठेवलेल्या मिठाचा चिखल व्हायचा. त्या खोलीत आता कुणी झोपत नाही. मुलगी तिथंच गेली, दोन वर्षांमागं, श्रावणात. सव्वा वर्षाची होती. छाती भरली. डॉक्टर म्हणाले, हवाच दमट, त्याला कोण काय करणार.

त्यावर इथं लिहायचं नाही. इथं जयनगरच्या घराबद्दल लिहायचं.

१ मे

कारखाना सुटल्यावर गेलो तर काम बंद. संताजी पायरीवर बसलेला. आत कुणी नाही.

"सामी, तुमचं कुणाशी वाकडं आहे काय?"

"का?"

"घरात कुणीतरी मीठ मांडून गेलंय. कोपऱ्याकोपऱ्यात. माटा केलाय. करणी. कामावरच्या बायकांनी बघितलं नि घमेली टाकून पळाल्या."

"ते मी मांडलंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. "स्वतःच्या घरावर?"

"ओल बघायला."

"ओल बघायला हात नाही काय?"

"हाताला कळत नाही."

"नि मिठाला कळतं?"

"कळतं."

"मग मिठालाच सांगा गिलावा करायला. माझ्याकडे माणसं नाहीत आता."

मी बश्या बघत फिरलो. सगळीकडे मीठ कोरडं. मागच्या खोलीत, उत्तरेच्या कोपऱ्यात, बशीत पाणी. बोट बुडवलं. खारट होतं, दुसरं काय असणार. ती बशी घेऊन पायरीवर आलो आणि संताजीला दाखवली. तो सरकून बसला. "माझ्याजवळ नका आणू सामी ते."

२ मे

वसुमतीला मिठाची गंमत सांगितली. ती हसली नाही. "मी तिथं आले होते तेव्हा होतं का मीठ?"

"नाही. तू त्याआधी आली होतीस."

"नक्की?"

"नक्की. का?"

थोड्या वेळानं बघतो तर आत्या तिच्यावरून मोहऱ्या आणि मिरच्या उतरवत होती. म्हटलं, हिची दृष्ट कशाला? काढायची तर घराची काढा. आत्या म्हणाली, "तू तुझ्या बश्या धू जा."

४ मे, रविवार

संताजीच्या हट्टानं उंबऱ्यावर कुंकू लावून कोहळा फोडला. मी बाजूला उभा राहिलो. बायका परत कामाला आल्या. आत जाताना माझ्या हाताकडे बघत होत्या.

गृहप्रवेशाला चार आठवडेही उरले नाहीत. झोप नीट लागत नाही. डोळे मिटले की उत्तरेचा कोपरा दिसतो.

११ मे, रविवार

मागची खोली समजली. ओल जमिनीतून नाही, वरून आहे.

गच्चीच्या पन्हळी मातीनं बुजवल्या. बैलगाडीवरच्या पिंपांतून पाणी आणवून गच्चीवर घोटाभर साठवलं. मग मी आणि संताजी खाली मागच्या खोलीत वर बघत बसलो. त्यानं पान जमवलं, मलाही दिलं. सागवानी तुळई भिंतीत शिरते तिथं आधी तळहाताएवढा डाग आला. मग ताटाएवढा झाला. मग एक थेंब लोंबकळत राहिला. पडला नाही.

"नवा चुना पाणी पितो सामी. दोन पावसाळे प्याला की धरतो. मग तुमच्या नातवाला बघायला नको."

"दोन पावसाळे आम्ही खाली काय करायचं?"

"या खोलीत धान्य ठेवू नका."

"आणि माणूस?"

"माणूस काय, सरकतो की बाजूला."

म्हटलं, या खोलीवरचा कोबा सगळा फोडायचा. पुन्हा घालायचा, पुन्हा बडवायचा. त्यानं पान थुंकलं. कोबा बडवायला आठवडा, धरायला त्याहून जास्त. २८ मे होत नाही म्हणाला. होत नाही तर नाही, मी म्हटलं.

घरी येऊन सांगितलं. वसुमती तांदूळ निवडत होती.

"मग कधी?"

"बघू. आचार्यांना विचारतो."

"एक खोली गळते ना? एकच?"

"आज एक कळली."

सूप खाली ठेवून ती उठली आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासायला बसली.

१५ मे

भीमाचार्य येऊन गेले. पंचांग बघायचीसुद्धा गरज पडली नाही त्यांना. ज्येष्ठ बहुळ पंचमी, ६ जून. त्यानंतर आषाढ लागतो, त्यात गृहप्रवेश नाही. त्यानंतर यंदा श्रावण दोन. पहिला अधिक, तोही धरत नाहीत. म्हणजे ६ जून गेला की एकदम निज श्रावण, ऑगस्ट अर्धा उलटल्यावर.

"मग निज श्रावणातच करू," मी म्हटलं. "तोवर घर वाळेल."

"नाही."

वसुमती स्वयंपाकघराच्या दारात होती. परक्या माणसासमोर माझं बोलणं तिनं मोडलं, असं आजवर झालेलं नाही. मी वळून बघेपर्यंत आत गेली.

आचार्यांनी आत्याकडे बघितलं. आत्यानं जमिनीकडे. मग आचार्य उपरणं झटकत म्हणाले, "नरसिंहराव, सहा जून सोडू नका. मागाहून मला करता येणार नाही."

श्रावणात त्यांना पूजांची गर्दी असते. तेव्हा वेळ मिळणार नाही म्हणून हा आग्रह. सरळ तसं सांगायला काय हरकत होती?

२० मे

कोबा बडवणं चालू. बायका ओळीनं बसतात, लाकडी धोपाटण्या एकदम उचलतात, एकदम टाकतात. वर गूळ-हिरड्याचं पाणी शिंपडतात. माश्या फार. गाणं म्हणतात, त्यातलं अर्धंच कळतं. कामावर जाण्याआधी थांबलो. एका कोपऱ्यात आवाज वेगळा आला. म्हटलं, इथं पुन्हा बडवा. बडवलं. पुन्हा म्हटलं.

त्यातली एक म्हातारी, सोयराबाई नावाची, उठून माझ्या हातात धोपाटणी देऊन म्हणाली, "घ्या यजमानरे. तुमच्या कानाला बरं वाटेपर्यंत बडवा. आम्ही तोवर गातो." सगळ्या हसल्या. मी बसलो आणि बडवलं. त्या खरंच गात राहिल्या. हाताला फोड आले. कारखान्यात माप धरताना दिवसभर दुखले.

आज एक अख्खी खेप परत पाठवली. फोरमन म्हणाला, काल अशीच पास केलीस की. म्हटलं, काल चूक झाली असेल.

२५ मे, रविवार

वसुमती आपण होऊन जयनगरला आली. बरं वाटलं. पुढच्या खोलीत मधोमध उभी राहून विचारलं, "इथं ऊन किती वेळ असतं?"

"पूर्वेची खिडकी आहे. उजाडल्यापासून असेल. भिंत लवकर वाळेल."

"भिंतीचं नाही विचारत. थंडीच्या दिवसांत येईल का?"

"थंडीत सूर्य दक्षिणेकडे सरकतो. तिरपं येईल. आत खोलवर येईल."

"मग आमचं इथंच," म्हणाली. कुणाचं आमचं ते विचारणार होतो, तेवढ्यात संताजीनं वरून हाक मारली.

खाली आलो तर ती जमिनीवर, भिंतीला टेकून बसली होती. पाय लांब करून. उष्म्यानं असेल. लाल रंग लुगड्याला लागला होता. तिला सांगितलं, तर म्हणाली, लागू दे.

२८ मे

आज व्हायचं होतं. झालं नाही. दिवसभर घरात वसुमतीच्या भांड्यांचा आवाज होता, असं शेजारच्या चंद्राबाईंनी मला अंगणात अडवून सांगितलं. त्यांनी का सांगावं?

३१ मे, शनिवार

गच्चीवर पुन्हा पाणी साठवलं. सकाळपासून मागच्या खोलीत बसलो. दुपारपर्यंत काही नाही. मग तुळईच्या टोकाशी रंग बदलला. डाग म्हणावा तर डाग, सावली म्हणावी तर सावली. हात पोहोचत नाही. स्टुलावर चढून टीपकागद दाबला. कागद किंचित दमट.

"ही गळती नाही सामी," संताजी म्हणाला. "नव्या चुन्याची ओल. वाळंल."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? मी बांधलंय."

"पहिलंही तूच बांधलं होतंस."

त्यानं डोक्याचं फडकं सोडलं, झटकलं, पुन्हा बांधलं. "सामी, मला खरंच सांगता येत नाही. ओल असंल, गळती असंल. पाऊस पडून गेल्यावर सांगतो."

त्याला माहीत नाही. मलाही नाही. मापच नाही याला. दोन बाजूंना दोन पेट्या आणि मी मध्ये भाग हातात धरून उभा.

ठरवलं. सहा जूनही नाही.

१ जून, रविवार

जेवताना सांगितलं. वसुमतीच्या हातात डाव होता. तो तिनं सारातच सोडला आणि उठून गेली. आतल्या खोलीत. ज्या खोलीत कुणी जात नाही. दार लावून घेतलं.

आत्याला म्हटलं, काय झालं हिला?

आत्या म्हणाली, "नरसू, किती दिवसांत मी तुला रांधून घातलेलं नाही?"

"हे आत्ता काय मध्येच?"

"मोज की. तुला मोजायला आवडतं ना? महिन्यातले तीन दिवस ती बाजूला बसायची, मी चुलीपाशी असायचे. आता शेवटचं कधी बसली? मोज. मी तरी किती दिवस तोंड शिवून बसू? हात जोडून सांगितलं होतं तिनं, म्हणून गप्प होते. चौथा सरत आला माझ्या बाबा. पाचव्यानंतर पोटुशीनं नव्या घरात प्रवेश करायचा नाही. आणि तुझा निज श्रावण येईतोवर सातवा लागतो."

सार थंड झालं. मी मोजलं. शिवरात्र फेब्रुवारीत होती.

दार ढकललं. कडी लावलेली नव्हती. ती गोण्यांवर बसली होती, गोदामाच्या भिंतीकडे पाठ करून. मी उभाच राहिलो. विचारलं, मला का सांगितलं नाहीस?

"सांगणार होते. तिसरा सरला की सांगायचं ठरवलं होतं. मग त्या घरात आले, तर तुम्ही भिंतींवर खडूनं वर्तुळं काढत होता." थांबून म्हणाली, "माझ्यावरही काढली असती."

मी म्हटलं, असं कसं बोलतेस.

"मागल्या वेळी रोज रात्री तुम्ही तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजायचा. मला ऐकू यायचं. तुमचं मोजणं ऐकत मी जागी असायचे. पुन्हा नऊ महिने ते ऐकणं मला जमायचं नाही."

म्हटलं, त्या घरातही ओल आहे.

"एका खोलीत आहे. इथं ही एकच आतली खोली आहे. दिवाळीनंतर मी इथं बाळंत होणार नाही. तुमचं घर गळू दे."

३ जून

आता तर मुळीच नाही.

काल दिवसभर हेच डोक्यात. पूर्वी एक डाग होता. आता सगळ्या भिंती पुन्हा बघायला हव्यात, पुढच्या खोलीच्या आधी. मी फक्त मीठ ठेवून बघितलं, तेही उन्हाळ्यात. नोव्हेंबरातली हवा वेगळी. दुसरं एखादं घर भाड्यानं बघावं, जुनं, वाळलेलं. मल्लेश्वरमला एक बघून आलो. तिथं न्हाणीघराच्या भिंतीला शेवाळ.

संताजीला गाठलं. म्हटलं, मेस्त्री, खरं सांग. तुझ्या घरात बाळंतीण असती तर या घरात आणली असतीस?

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं असावं. पहिल्यांदाच सावकाश बोलला. "मी काय सांगू सामी. माझ्या घराला गच्चीच नाही. गवताचं छप्पर. रोज कुठं ना कुठं गळतं, तिथं भांडं ठेवतो."

"आणि पोरं?"

"सहा आहेत. दोन गेली. ती गळण्यानं गेली का दुसऱ्या कशानं, कोण सांगणार?"

बसमध्ये बसायला जागा होती, तरी उभ्यानं आलो.

५ जून

कामावरून आलो तर दारात हातगाडी. अंगणात गाठोडी, पाट, पितळी डबे. आत्या देवघरातली भांडी फडक्यात बांधत होती. मला बघूनही हात थांबला नाही.

वसुमतीला म्हटलं, मी अजून हो म्हटलेलं नाही.

"माहीत आहे," म्हणाली. "आम्ही दोघी जातो. तुमची तपासणी संपली की तुम्ही या."

"यजमानाशिवाय गृहप्रवेश होतो का?"

"बायको नसली तर तिच्या जागी सुपारी ठेवतात. नवरा नसला तर काय ठेवायचं, ते आचार्यांना विचारून ठेवलंय."

"काय म्हणाले?"

"हसले."

आत्याही हसली. चंद्राबाई अंगणापलीकडून बघत होत्या, त्याही. मला राग आला. तेवढ्यात वसुमती पाण्याचा मोठा हंडा उचलायला वाकली. तो मी तिच्या हातातून घेतला. घेतल्यावर ठेवायचा कुठं? घरात जागा होती, पण घरातलं सगळं बाहेर चाललं होतं. गाडीवर नेऊन ठेवला. मग पाटही ठेवले. मग गाडीवाला म्हणाला, अजून काय असेल ते आणा. मी आत जाऊन आणत राहिलो.

आतली खोली रिकामी केली तेव्हा गोण्यांच्या मागं भिंत हिरवी होती. तिला दाखवली नाही. ती तिकडं आलीही नाही.

६ जून, शुक्रवार

झालं. गाय आधी उंबऱ्याशी अडली, मग सरळ आत गेली आणि हॉलमध्ये शेण टाकलं. सगळे खूश झाले. गोमूत्र मागच्या खोलीकडे वाहत गेलं. संताजीनं माझी नजर चुकवली.

पूजेत मान वर करून मागच्या खोलीच्या दारातून तुळई दिसते का बघत होतो. वसुमती ओठ न हलवता म्हणाली, "खाली बघा." खाली बघितलं. दूध उतू गेलं. जेवणं झाली.

पुढच्या खोलीत तिचं आणि आत्याचं अंथरूण. मी माझं मागच्या खोलीत घातलं, तुळईच्या बरोबर खाली. आत्या म्हणाली, हॉल मोकळा आहे की. म्हटलं, राहू दे. इथं काही झालं तर आधी मला कळेल.

९ जून, सोमवार

अर्ध्या दिवसाची रजा काढली. वसुमतीला बायकांच्या दवाखान्यात नेलं. तिनंच सांगितलं होतं, उद्या मला तपासायला घेऊन चला. बसमध्ये मी डॉक्टरीणबाईंना काय काय विचारायचं ते ठरवत होतो. तिनं ओळखलं. म्हणाली, "तुम्ही काही विचारायचं नाही. बाहेर बाकावर बसायचं."

नर्सनं नाव पुकारलं. ती आत गेली. दार बंद झालं.

बाकावर बसलो. आतून काही ऐकू येत नव्हतं. भिंत ठोकून बघावीशी वाटली नाही. हात मांडीखाली घेऊन बसलो.

शेजारी एक माणूस बसला होता, गिरणीतला असावा, कानात कापसाचे धागे अडकलेले. त्याचीही आत होती. थोड्या वेळानं त्यानं कन्नडमध्ये विचारलं, पहिलं का?

म्हटलं, नाही. दुसरं.

"मोठं काय? मुलगा?"

"मुलगी."

"केवढी आहे?"

दोन वर्षांत मला हे कुणी विचारलेलं नाही. विचारतील अशा सगळ्यांना माहीत असतं. म्हटलं, सव्वा वर्षाची.

तो खूश झाला. त्याच्या दोघांतही एवढंच अंतर आहे म्हणाला. फार लहान नाही, फार मोठी नाही, बरोबर खेळतात. चांगली जोडी होईल बघा.

मी हो म्हटलं.